मेडनहेडहून हिमउतारांकडे : गाडीने गाठता येणारी स्कीइंगची ठिकाणे

टेम्स नदीच्या काठावरचे मेडनहेड हे सपाट प्रदेशातले शहर आहे. येथे हिवाळ्यात एखाद्या सकाळी गाडीच्या काचेवर दव गोठते, क्वचित एखाद्या वर्षी दोन दिवस पांढरा थर टिकतो आणि शाळा बंद पडतात. एवढाच येथील हिमाचा अनुभव. तरीही ख्रिसमसची सुट्टी जवळ आली की बर्कशायरमधील मराठी घरांत एक प्रश्न निघतोच. मुलांचे वर्गमित्र आल्प्सला जातात, शाळेकडून स्कीइंगच्या सहलीचे पत्र येते आणि ज्यांनी स्वतः कधी पायात स्की बांधलेली नाही, अशा आईवडिलांना निर्णय घ्यावा लागतो. कुठे जायचे, कसे जायचे, आधी शिकायचे कुठे आणि खर्च करून गेल्यावर तेथे हिम असेल का?

डेन्व्हर, कॅलगरी किंवा इन्सब्रुक येथे राहणाऱ्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. त्यांच्या शहरातून सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. मेडनहेडकरांना ही सोय नाही. मात्र एम४, एम४० आणि एम२५ हे तिन्ही महामार्ग जवळ असल्याने गाडीने जाता येईल अशी ठिकाणे समजतो त्यापेक्षा अधिक आहेत. अंतराच्या चढत्या क्रमाने त्यांचा हा परिचय.

तासाभराच्या टप्प्यात : छताखालचे हिम

सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे हर्टफर्डशायरमधील हेमेल हेम्पस्टेड येथील ‘द स्नो सेंटर’. मेडनहेडहून ए४०४, एम४० आणि एम२५ या मार्गाने हे अंतर सुमारे ३० मैल आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात १६० मीटर लांबीचा मुख्य उतार आणि नवशिक्यांसाठी १०० मीटरचा स्वतंत्र उतार आहे. भव्य शीतगृहासारख्या इमारतीत तापमान शून्याखाली ठेवून पाण्याचे सूक्ष्म तुषार गोठवले जातात. त्यामुळे पायाखाली पडते ते खरे हिम असते. फक्त आकाशातून पडलेले नसते.

दुसरे केंद्र मिल्टन कीन्स येथील ‘स्नोझोन’. २००० साली उघडलेल्या ‘एक्सस्केप’ या संकुलात ते आहे. त्याचा मुख्य उतार १७० मीटर लांब आहे आणि मेडनहेडहून तेथे पोचण्यास साधारण सव्वा तास लागतो. अशा प्रकारच्या केंद्रांची ब्रिटनमधील सुरुवात १९९४ मध्ये टॅमवर्थच्या ‘स्नोडोम’पासून झाली.

या केंद्रांची मर्यादा उघड आहे. १६० मीटरचा उतार सरावलेला माणूस काही सेकंदांत संपवतो. मात्र पहिल्या पाच-सहा तासांच्या शिक्षणासाठी याहून लांब उतार लागत नाही. बूट घालून चालणे, स्कीची पुढची टोके जवळ आणून वेग कमी करणे, वळणे, पडल्यावर उठणे आणि वर नेणाऱ्या लिफ्टवर तोल सांभाळणे एवढे येथे आले, तर आल्प्समधील महागड्या आठवड्याचे पहिले दोन दिवस वाचतात. स्की, बूट आणि हेल्मेट केंद्रात भाड्याने मिळतात; हातमोजे, जाड पायमोजे आणि अंग पूर्ण झाकणारे कपडे आपले न्यावेत. जीन्स घालून जाऊ नये. ती ओली होते आणि उरलेला वेळ कुडकुडण्यात जातो.

ब्रॅकनेलचा बंद उतार

मेडनहेडकरांना हेमेल हेम्पस्टेडला जाण्याची गरज पूर्वी नव्हती. अवघ्या आठ-नऊ मैलांवर ब्रॅकनेलला जॉन नाइक संकुलात कृत्रिम पृष्ठभागाचा उतार होता आणि शेजारीच बर्फावरील स्केटिंगची रिंग. १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या संकुलावर बर्कशायरमधील मुलांच्या कितीतरी तुकड्या शिकल्या. कोविडच्या काळात दारे बंद झाली आणि २०२० मध्ये ते कायमचे बंद करण्यात आल्याचे जाहीर झाले.

अशा उतारांना इंग्लंडमध्ये ‘ड्राय स्लोप’ म्हणतात. टेकडीच्या उतारावर ब्रशसारख्या ताठ केसांच्या प्लॅस्टिकच्या चटया अंथरलेल्या असतात आणि घर्षण कमी व्हावे म्हणून त्यांवर पाणी फवारले जाते. पडल्यावर खरचटते; जुन्या पद्धतीच्या चटयांच्या जाळीत अंगठा अडकून दुखावण्याची भीती असते, म्हणून हातमोजे सक्तीचे. हे दिसायला मामुली साधन, पण ब्रिटनच्या स्कीइंगचा पाया त्यावरच घातला गेला. लँकेशायरमधील पेंडलच्या अशा उतारावर शिकलेल्या डेव्ह रायडिंगने जानेवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रियातील किट्सब्यूएल येथे स्लॅलम शर्यत जिंकली. अल्पाइन विश्वचषकातील ब्रिटनचा तो पहिलाच विजय होता. ग्लॉस्टरजवळच्या चर्चडाउनच्या उतारावर प्रथम स्नोबोर्डवर उभ्या राहिलेल्या जेनी जोन्सने २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. हिमावरील क्रीडाप्रकारात ब्रिटनला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक.

असा एक उतार बंद झाला म्हणजे केवळ करमणुकीचे ठिकाण गेले असे होत नाही. शनिवारी सकाळी मुलाला सोडून परत येण्याइतके जवळ आणि दर आठवड्याला परवडण्याइतके स्वस्त असे जे शिक्षण होते, ते त्या परिसरातून नाहीसे होते. मेडनहेडच्या दक्षिणेस सुमारे २५ मैलांवर ऑल्डरशॉटचा उतार आहे. मोकळ्या हवेत आणि कमी खर्चात शिकायचे असल्यास आता त्याचाच विचार करावा लागतो.

एका दिवसाच्या प्रवासावर : स्कॉटलंडची पाच ठिकाणे

ब्रिटनमध्ये आकाशातून पडणाऱ्या हिमावर लिफ्टच्या सोयीसह स्कीइंग करायचे तर मुख्यतः स्कॉटलंडचाच विचार करावा लागतो. तेथे अशी पाच ठिकाणे आहेत.

*ग्लेनको.* मेडनहेडहून सुमारे ४८० मैल. ग्लासगोहून दोन तास. १९५६ मध्ये येथे सुरू झालेली लिफ्ट ही स्कॉटलंडमधील व्यावसायिक स्कीइंगची सुरुवात मानली जाते. ‘फ्लायपेपर’ नावाचा येथील उतार तीव्रतेसाठी प्रसिद्ध आहे. नवशिक्यांनी तो खालूनच पाहावा.

*नेव्हिस रेंज.* फोर्ट विल्यमजवळ, ओनाख मोर या १,२२१ मीटर उंचीच्या पर्वतावर. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या ठिकाणी गोंडोला सुमारे ६५० मीटरपर्यंत नेतो. स्कीइंग न करणाऱ्या आजी-आजोबांनाही येथे जाता येते, ही मोठी सोय.

*ग्लेनशी.* ब्रेमारच्या दक्षिणेस, केर्नवेल खिंडीत. विस्ताराने हे ब्रिटनमधील सर्वांत मोठे स्कीक्षेत्र. ६७० मीटर उंचीवरून जाणारा येथील ए९३ हा देशातील सर्वांत उंच मुख्य रस्ता आहे.

*द लेख्ट.* टोमिंटूलजवळ, ए९३९ वर. आकाराने लहान, उतार सौम्य, लहान मुलांच्या कुटुंबांना सोयीचे. हिवाळ्यात हिमामुळे बंद पडणाऱ्या रस्त्यांच्या बातम्यांत या रस्त्याचे नाव हमखास असते.

*केर्नगॉर्म.* एव्हीमोरपासून दहा मैलांच्या आत. मेडनहेडहून सुमारे ५४० मैल. १,२४५ मीटर उंचीच्या केर्नगॉर्म पर्वतावरील येथील फ्युनिक्युलर रेल्वे २००१ मध्ये सुरू झाली. बांधकामातील दोषांमुळे ती २०१८ मध्ये थांबली, जानेवारी २०२३ मध्ये सुरू होऊन त्याच वर्षी पुन्हा थांबली आणि २०२५ मध्ये परत धावू लागली. निघण्यापूर्वी तिची स्थिती पाहून घेणे श्रेयस्कर.

स्कॉटलंडची अडचण अंतराची कमी आणि हवामानाची अधिक आहे. अटलांटिकवरून येणारे वारे एका रात्रीत हिमाचा थर रचतात आणि दुसऱ्या रात्री पावसाने तो धुऊन नेतात. वादळी वाऱ्यात लिफ्ट बंद ठेवाव्या लागतात. कधी हिम इतके पडते की तेथे नेणारा रस्ताच बंद होतो. म्हणून तीन महिने आधी पूर्ण पैसे भरून फेब्रुवारीतला आठवडा ठरवण्याचे हे ठिकाण नाही. येथे जायचे ते हवामानाचा अंदाज पाहून, रद्द करता येईल असे निवासस्थान घेऊन आणि स्कीइंग झाले नाही तरी हायलँडचा हिवाळा पाहून समाधान मानण्याच्या तयारीने.

खाडीपलीकडे : ग्रनोब्ल आणि त्याच्या भोवतालचे पर्वत

मेडनहेडहून फोकस्टन सुमारे १०० मैल; तेथून गाडी रेल्वेत चढवली की ३५ मिनिटांत कॅले. कॅलेहून ए२६ ने रॅंसकडे जायचे. ब्रिटिश गाड्यांच्या वर्दळीमुळे फ्रेंच लोक या रस्त्याला ‘इंग्रजांचा महामार्ग’ म्हणतात. पुढे दिजॉनवरून आल्प्सकडे. कॅले ते ग्रनोब्ल हे अंतर साधारण ८७० किलोमीटर आहे, म्हणजे मेडनहेड ते एव्हीमोर एवढेच. म्हणून हा प्रवास दोन दिवसांत विभागावा. रॅंस, त्र्वा किंवा दिजॉन येथे मुक्काम करता येतो.

पर्वतनगरी म्हणजे काय, ते ग्रनोब्लला गेल्यावर कळते. शहर स्वतः समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरच्याही आत, इझेर आणि द्राक नद्यांच्या संगमावर, अगदी सपाट आहे. पण उत्तरेस शार्त्रझ, पश्चिमेस व्हेरकोर आणि पूर्वेस बेलदोन अशा तीन पर्वतरांगा त्याला वेढून उभ्या आहेत. विद्यापीठे, सिंक्रोट्रॉन आणि अर्धवाहक उद्योगांमुळे येथे भारतीय विद्यार्थी व अभियंत्यांचीही वस्ती आहे. १९६८ चे हिवाळी ऑलिंपिक या शहरात झाले. त्या स्पर्धेत भारताचा एकच खेळाडू उतरला होता, तो म्हणजे पोलंडमध्ये जन्मलेला जेरेमी बुयाकोव्स्की. १९६४ मध्ये इन्सब्रुकला उतरून तो हिवाळी ऑलिंपिकमधील भारताचा पहिला प्रतिनिधी ठरला होता.

शहरात राहून गाडीने रोज जाता येतील अशी प्रमुख क्षेत्रे पुढीलप्रमाणे :

*शामरूस* (सुमारे ३० किलोमीटर). १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात मिळवलेल्या स्की घेऊन आंरी द्युआमेलने पहिले प्रयोग केले ते याच डोंगरावर. १९६८ मध्ये ज्याँ-क्लोद किलीने अल्पाइनची तिन्ही सुवर्णपदके येथेच जिंकली. वस्ती १,६५० मीटरवर आणि माथा सुमारे २,२५० मीटरवर.

*व्हियार-द-लाँ* (सुमारे ३५ किलोमीटर). व्हेरकोरच्या पठारावरील जुने गाव. सुमारे १,०५० ते २,०५० मीटर. उतार सौम्य, गावपण टिकलेले; मात्र पायथ्याची उंची कमी असल्याने उबदार हिवाळ्यात हिम अपुरे पडते.

*ले सेत लो* (सुमारे ४० किलोमीटर). बेलदोन रांगेतील तीन वस्त्या एकमेकींना जोडून झालेले क्षेत्र. परदेशी पाहुणे कमी, स्थानिक कुटुंबे अधिक.

*आल्प द्युएझ* (सुमारे ६० किलोमीटर). सायकल शर्यतीच्या प्रेक्षकांना परिचित असलेल्या २१ वळणांच्या घाटाने १,८६० मीटरवर पोचता येते. तेथून पिक ब्लांचा ३,३३० मीटरचा माथा. तेथून उतरणारी सारेन ही १६ किलोमीटरची काळी पीस्त जगातील लांब पीस्तांपैकी एक आहे.

*ले दझाल्प* (सुमारे ७० किलोमीटर). हिमनदीवर ३,६०० मीटरपर्यंत लिफ्ट. एप्रिलमध्येही हिमाची खात्री हवी असेल तर ग्रनोब्लच्या परिसरात पहिले नाव याचेच घ्यावे लागेल.

पीस्त म्हणजे आखून, दाबून, खुणा लावून तयार केलेला उतार. युरोपात हिरवी सर्वांत सोपी, मग निळी, लाल आणि शेवटी काळी. अमेरिकेतून आलेल्या वाचकांनी लक्षात घ्यावे की तिकडे लाल रंगाची श्रेणी नसते. त्यामुळे तिकडची ‘निळी’ आणि इकडची ‘निळी’ एकच असे धरून चालू नये.

रस्ता आणि कागदपत्रे

मराठी कुटुंबांची खरी परीक्षा उतारावर नसून कागदपत्रांत असते. एकाच घरात नवऱ्याकडे ब्रिटिश पारपत्र, बायकोकडे भारतीय आणि भेटीस आलेल्या सासूबाईंकडे भारतीय पारपत्र व अभ्यागत व्हिसा, असे चित्र नेहमीचे आहे. भारतीय पारपत्रधारकाला, ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा हक्क असला तरी, फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. पण हिवाळ्यात भेटीच्या वेळा लवकर संपतात, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच हालचाल करावी. ब्रिटिश पारपत्रधारकांना कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मुभा आहे; ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे व छायाचित्र घेणारी नवी नोंदणीपद्धत लागू होऊ लागली आहे. फ्रेंच अधिकाऱ्यांची तपासणी फोकस्टनलाच होते, म्हणून कागदात काही चूक असेल तर सहल केंटमध्येच संपते.

गाडीबाबत नियम स्पष्ट आहेत. फ्रान्समध्ये ब्रिटिश फोटोकार्ड परवाना चालतो. परावर्तक जाकीट आणि इशाऱ्याचा त्रिकोण गाडीत असलाच पाहिजे. गाडीवर ‘यूके’ ही खूण हवी आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जाणार नाही अशी व्यवस्था हवी. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात डोंगराळ भागातील नेमून दिलेल्या हद्दींत चारही हिवाळी टायर, किंवा निदान दोन चालक चाकांसाठी साखळ्या वा कापडी आवरणे बाळगणे २०२१ पासून बंधनकारक आहे. टायरवर तीन शिखरे आणि हिमकण यांचे चिन्ह असले तरच तो हिवाळी टायर धरला जातो. साखळ्या घेतल्या असतील तर त्या चढवण्याचा सराव मेडनहेडमध्ये घरासमोर, दिवसाउजेडी करावा. अंधारात, उतारावर, मागे गाड्यांची रांग असताना तो पहिल्यांदा करण्याची वेळ येऊ नये.

विमा आणि सुरक्षितता

ब्रिटनचे ‘जीएचआयसी’ आरोग्यपत्र सरकारी रुग्णालयातील उपचारांपुरते उपयोगी आहे. उतारावरून स्लेज किंवा हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा आणि जखमी माणसाला ब्रिटनला परत आणण्याचा खर्च त्यात येत नाही. साध्या प्रवास विम्यातही हिवाळी खेळ बहुधा वगळलेले असतात. ते वेगळे पैसे भरून घ्यावे लागतात. आखलेल्या पीस्तीबाहेर गेल्यास विमा लागू राहतो का, हेही विचारून घ्यावे.

उतारावरचा मूळ नियम एकच : आपल्या खालच्या बाजूस असणाऱ्याला प्राधान्य. वरून येणाऱ्याने वाट काढायची. हिमप्रपाताचा धोका युरोपात एक ते पाच अशा श्रेणीत रोज जाहीर होतो. बहुतेक बळी पीस्तीबाहेर जातात. म्हणून कुटुंबासह गेलेल्यांनी दोरीपलीकडचे अस्पर्श हिम कितीही मोहक दिसले तरी तिकडे वळू नये.

सुट्ट्यांचे गणित

इंग्लंडमधील शाळांची फेब्रुवारीतील सुट्टी एक आठवड्याची. फ्रान्समध्ये शाळांचे तीन विभाग करून हिवाळी सुट्टी चार आठवड्यांत पसरवलेली असते. ग्रनोब्ल ‘अ’ विभागात येते. दोन्ही देशांच्या सुट्ट्या जुळल्या की शनिवारी आल्प्सकडे जाणारे रस्ते तुंबतात. सुट्टीबाहेर जाण्याचा मोह होतो, पण ऑगस्ट २०२४ पासून इंग्लंडमध्ये परवानगीविना शाळा बुडवल्यास दर पालकास दर मुलामागे ८० पौंड दंड आहे; २१ दिवसांत न भरल्यास १६० पौंड. शाळेत जाणारी मुले असतील तर ईस्टरची सुट्टी आणि उंचावरचे क्षेत्र ही जोडी विचारात घ्यावी. दिवस मोठा असतो, गर्दी ओसरलेली असते.

हिम किती काळ?

ग्रनोब्लच्या उत्तरेस शार्त्रझमध्ये कोल द पोर्त ही खिंड आहे. तेथे १,३२५ मीटर उंचीवर फ्रेंच हवामानखात्याचे केंद्र १९६० पासून हिमाची मोजणी करत आहे. पहिल्या तीस वर्षांच्या तुलनेत पुढील तीस वर्षांत तेथील हिवाळ्यातील हिमथराची सरासरी जाडी जवळजवळ ४० सेंटिमीटरने घटली. ग्रनोब्लच्याच संशोधकांच्या पुढाकाराने २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातील २,२३४ स्कीक्षेत्रे तपासली गेली. जागतिक तापमान दोन अंशांनी वाढल्यास, कृत्रिम हिम न धरता, त्यांपैकी ५३ टक्के क्षेत्रांना हिमटंचाईचा अतिगंभीर धोका असेल. चार अंशांनी वाढल्यास ९८ टक्क्यांना. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रनोब्लच्या दक्षिणेस आल्प द्यु ग्राँ सेर हे क्षेत्र बंद करण्याचा ठराव झाला. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली आणि त्या हिवाळ्यापुरते ते वाचवले.

मायदेशी वेगळे चित्र नाही. श्रीनगरहून सुमारे ५० किलोमीटरवरील गुलमर्ग हे पर्वतनगरीजवळच्या स्कीक्षेत्राचे भारतातील उत्तम उदाहरण. तेथील गोंडोला अफरवतच्या सुमारे ३,९८० मीटर उंचीपर्यंत नेतो आणि त्याच परिसरातला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला. पण जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार उघडेबोडके होते आणि २०२५ मध्ये हिमाअभावी ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या.

मेडनहेडच्या कुटुंबासाठी यातून निघणारा निष्कर्ष व्यवहाराचा आहे. शिकणे हेमेल हेम्पस्टेड किंवा ऑल्डरशॉट येथे, घराजवळ आणि हप्त्याहप्त्याने उरकावे. स्कॉटलंड हवामानाचा अंदाज पाहून, ऐन वेळी ठरवावे. आल्प्सला जायचे तर वस्ती १,६५० मीटरच्या वर आणि लिफ्ट २,५०० मीटरच्या पलीकडे नेणारी आहे का, हे जाहिरातीतील छायाचित्रांआधी पाहावे. व्हियार-द-लाँसारखी सखल, गोड गावे मात्र यादीतून अजिबात गाळू नयेत. हिम नसले तरी चालण्याच्या वाटा आणि चीज आहेच, आणि हिम असेल त्या वर्षी मुलांनी ती पाहिलेली असावीत.